दोन तास सोळा मिनिटं

लंडनच्या ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी मुलगी जानेवारीतल्या एका गुरुवारी सँडविच खाता खाता म्हणाली, "जाम कंटाळा आलाय. उद्या संध्याकाळी पॅरिसला जाऊन येते." पुण्यात आम्ही 'जरा लक्ष्मी रोडला जाऊन येते' म्हणायचो, अगदी त्याच सुरात. खरं तर लक्ष्मी रोडला जायला जास्त विचार करावा लागतो, गाडी कुठे लावायची म्हणून.

सोमवारी ती एक चीजचा तुकडा घेऊन परत आली. तो तुकडा मी घरी आणला आणि इथेच चुकलं. नवऱ्याने वास घेऊन डबा लांब सरकवला, पण पॅरिस हा शब्द पकडून ठेवला.

आमचा नवरा रेल्वेवेडा आहे. लहानपणी इतर मुलं क्रिकेटर लोकांची चित्रं जमवायची, तेव्हा हा पुणे स्टेशनच्या पुलावर उभा राहून इंजिनांचे नंबर लिहून घ्यायचा. डेक्कन क्वीन १९३० साली सुरू झाली हे त्याला पाठ आहे, आमच्या लग्नाची तारीख मात्र फोन सांगतो. "डेक्कन क्वीनला १९२ किलोमीटरला तीन तासांहून जास्त लागतात," तो म्हणाला. "लंडन-पॅरिस ४९२ किलोमीटर. समुद्राखालच्या बोगद्यातून जाणारी युरोस्टार गाडी ताशी तीनशेच्या वेगाने जाते. वेगवान गाडी धरली तर दोन तास सोळा मिनिटं! मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचं अंतर ५०८, म्हणजे जवळजवळ तेवढंच. ही बघून घेऊ, तोवर ती होईल." एवढं बोलून त्याने लॅपटॉप उघडला आणि एक्सेलची नवी शीट काढली. ती शीट पुढचे चार महिने आमच्या घरात चौथ्या माणसासारखी राहिली.

आमचे दोघांचे पासपोर्ट भारतीय. राहायला लंडनमध्ये असलो तरी फ्रान्सला जायचं तर शेंगेन व्हिसा लागतो, युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा. नऊ वर्षांच्या लेकीचा पासपोर्ट मात्र ब्रिटिश, तिला काहीच लागत नाही. हे कळल्यावर ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग अतिशय समजूतदारपणे म्हणाली, "आई, तुम्हाला जमत नसेल तर मी एकटी जाऊन येऊ का?"

शेंगेन हे लक्झेंबर्गमधलं मोझेल नदीकाठचं एक खेडं. १४ जून १९८५ला पाच देशांनी आपापसातल्या सीमा खुल्या करायचा करार तिथे केला, तोही नदीत उभ्या असलेल्या बोटीवर. करार पाण्यावर झाल्यामुळे असेल, पण आमचं पहिलं महिनाभर सगळं पाण्यातच चाललं होतं. अर्ज घेणाऱ्या केंद्राची अपॉइंटमेंट मिळेना. नव्या वेळा मध्यरात्री उघडतात असं कोणीतरी सांगितलं, म्हणून नवरा रात्री बाराला गजर लावून बसायचा. कोणी म्हणालं पहाटे, म्हणून मी पाचला उठायची. अशा रीतीने आमच्या घरात चोवीस तास पहारा सुरू झाला. शेवटी वेळ मिळाली ती दुपारी सव्वातीनला, लेकीला. ती माझ्या लॅपटॉपवर गृहपाठ करत होती. "आई, इथे एक हिरवा चौकोन आलाय, दाबू?"

वेळ मिळाली तशी कागदपत्रांची यादी आली. व्हिसासाठी जाण्यायेण्याची तिकिटं आणि हॉटेलचं बुकिंग दाखवा. तिकीट काढावं तर व्हिसाचा पत्ता नाही, आणि व्हिसा मागावा तर तिकीट कुठाय! लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, हे आजी म्हणायची तेव्हा मला वाटायचं की म्हणी नुसत्या परीक्षेत वाक्यात उपयोग करण्यासाठी असतात. इकडे आम्ही विचार करतोय तोवर शनिवार-रविवारची भाडी रोज थोडी थोडी चढत होती. शेवटी डोळे मिटून मे महिन्यातली तिकिटं काढली. २०२५च्या मेमध्ये व्हिसा असो वा नसो, तिकिटं तरी नक्की पॅरिसला जाणार होती.

मग विमा. तो किमान ३०,००० युरोंचा हवा, त्यात उपचार हवेत आणि वेळ पडलीच तर मृतदेह घरी पोचवण्याचा खर्चही हवा. जायचं शनिवारी, यायचं रविवारी. सासूबाई पुण्याहून व्हिडिओ कॉलवर होत्या. नवऱ्याने कलम मोठ्याने वाचून दाखवलं तसा त्यांनी हात कपाळाला लावला. "शुभ बोल रे नाऱ्या! अरे फिरायला निघालात ना?"

विमा परवडला, पण बँकेच्या स्टेटमेंटने घात केला. गेल्या तीन महिन्यांचा जमाखर्च छापून द्यायचा होता. आमचं खातं जोडीचं असलं तरी बारा वर्षांत दोघांनी एकत्र बसून ते कधी वाचलं नव्हतं, म्हणूनच संसार नीट चालला होता. प्रिंटर एकेक पान बाहेर टाकत होता आणि आम्ही दोघं अपराध्यासारखे उभे होतो. माझी एक पैठणी निघाली, जिच्याबद्दल मी 'माहेरून आली' असं सांगितलं होतं. त्याचं १८० पौंडांचं खेळण्यातलं वाफेचं इंजिन निघालं, ज्याबद्दल त्याने काहीच सांगितलं नव्हतं. इंजिन गॅरेजमधल्या रंगाच्या डब्यामागे होतं. दोन दिवस घरात बोलणं फक्त लेकीमार्फत झालं. परराष्ट्र व्यवहार म्हणतात तो हाच असावा.

फी माणशी ९० युरो, वर केंद्राचा सेवाआकार. या दोन दिवसांत नक्की काय करणार याचा तपशीलही जोडला तर बरं, असं कळल्यावर नवऱ्याला मोकळं रान मिळालं. शीटचं नाव 'पॅरिस फायनल', मग 'पॅरिस फायनल २', आणि शेवटी 'पॅरिस फायनल खरंच'. मोनालिसाचं लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद असतं, ओर्से संग्रहालय सोमवारी. आम्ही शनिवार-रविवारी जाणार होतो, तरी ही माहिती लाल रंगात होती. आयफेल टॉवरला लिफ्टने न जाता दुसऱ्या मजल्यापर्यंत ६७४ पायऱ्या चढायच्या. आगीनंतर पाच वर्षांनी, डिसेंबर २०२४मध्ये पुन्हा उघडलेलं नोत्र दाम चर्च बाहेरून बघायचं, कारण रांगेला वीसच मिनिटं दिली होती. मोनालिसाला नऊ मिनिटं. "७७ बाय ५३ सेंटीमीटरचं चित्र आहे, नऊ मिनिटं पुष्कळ झाली," तो म्हणाला. ओर्सेला मात्र अडीच तास.

"एवढं काय आहे तिथे?"

"ते आधी रेल्वे स्टेशन होतं. १९०० सालच्या प्रदर्शनासाठी बांधलेलं. पुढे गाड्या लांब झाल्या, फलाट तोकडे पडले. १९८६मध्ये त्याचं संग्रहालय केलं."

म्हणजे ट्रेनने जायचं, स्टेशन बघायचं आणि ट्रेनने परत यायचं. त्या इमारतीत मोने आणि व्हॅन गॉगचीही चित्रं आहेत, हे त्याला मी सांगितलं.

सगळं जमत आलं तेव्हा शीटमधला एक तास हरवला. घड्याळ लावून तीनदा हिशेब केला, तरी दोन तास सोळा मिनिटांच्या प्रवासाला तीन तास सोळा मिनिटं लागत होती. नवऱ्याचा चेहरा उतरला. पॅरिस लंडनच्या एक तास पुढे आहे, हे लेकीने सांगितलं. गेलेला तास रविवारी रात्री परत मिळणार होता, पण रविवारी रात्री लंडनमध्ये जास्तीचा तास घेऊन करायचं काय?

व्हिसा आला. स्टिकरवर मुक्कामाचे दिवस: ०२. मागितले तेवढेच, वर चिमूटभर नाही. पुण्यातला दुकानदार सुद्धा कोथिंबिरीची एखादी काडी जास्त टाकतो. (नाही टाकत. पण इतक्या वर्षांनी आठवणी जरा उदार होतात.)

आता उरला डबा. "प्रवासाला निघताय आणि दशम्या नाहीत?" सासूबाईंनी विचारलं. दोन तासांचा प्रवास आहे हे सांगून उपयोग नव्हता. त्यांच्या मते बोगदा लागला की माणसाला भूक लागते, खंडाळ्याच्या घाटात त्यांनी ते पाहिलेलं आहे. पण ब्रेक्झिटनंतर ब्रिटनमधून युरोपीय संघात दूधदुभतं आणि मांस नेता येत नाही. पेढे आणि तूप बाद झालं. मग दशम्यांचं काय? कणीक दुधात भिजवलेली असते, तेव्हा दशमी ही पोळी धरायची की दुभतं? नवऱ्याने नियम वाचले. पाव, केक, बिस्किटं चालतात असं होतं. दशमीबद्दल युरोप गप्प होता. शेवटी मी पाण्यातच कणीक भिजवली आणि सासूबाईंना कळवलं नाही. लोणच्याची बाटली मात्र बिनधास्त घेतली, कारण या गाडीला विमानासारखी शंभर मिलिलिटरची अट नाही. मानवी प्रगतीतलं हे एवढं एक पाऊल मला मनापासून पटलं.

गाडी सुटायच्या अर्धा तास आधी दरवाजे बंद होतात. त्यामुळे लंडनच्या सेंट पॅनक्रास स्टेशनला आम्ही अडीच तास आधी पोचलो. १८६८च्या त्या अवाढव्य काचेच्या छपराखाली नवरा तोंड वर करून उभा राहिला, तो हलेचना. आत गेल्यावर लंडनच्याच जमिनीवर फ्रेंच पोलीस बसलेले असतात, फ्रान्समध्ये शिरायची तपासणी इथेच होते. लेकीच्या पासपोर्टवर टपकन शिक्का पडला. ती पलीकडे जाऊन उभी राहिली आणि आमच्याकडे पाहुण्यांना न्यायला आल्यासारखी बघू लागली. आमची पानं उलटसुलट पाहिली गेली. नवऱ्याने न विचारताच फाइल पुढे केली, त्यात 'पॅरिस फायनल खरंच'ची रंगीत प्रत होती. पोलिसाने मोनालिसासमोरची नऊ मिनिटं वाचली, नवऱ्याकडे पाहिलं, आणि काही न बोलता शिक्का मारला.

गाडी सुटली. १९९४ साली उघडलेला हा बोगदा ५० किलोमीटरचा, त्यातले ३८ समुद्राखाली. या वीस मिनिटांसाठी नवऱ्याने खिडकीची जागा घेतली होती, फोन चार्ज केला होता, लेकीला दोनदा समजावलं होतं. चार महिने मध्यरात्री जागलेला माणूस तो. बोगद्याच्या अलीकडचं केंट संपायच्या आत त्याची मान पडली. बाहेर अंधार झाला, कान जरासे दडले, लेकीने एक पोळी-लोणचं संपवलं, पुन्हा ऊन आलं. कधीतरी त्याने दचकून डोळे उघडले.

"बोगदा आला?"

"आला होता," लेक म्हणाली. "तू झोपला होतास. ती बघ, फ्रेंच गाय."

पॅरिसच्या गार द्यू नोर स्टेशनला उतरलो तेव्हा शीटप्रमाणे क्रोसाँ आणि कॉफी होती, उभ्याने, बारा मिनिटं. पण नवरा अजून बोगद्याच्या सुतकात होता आणि लेकीला कुठूनतरी फोडणीचा वास आला. स्टेशनपासून चालत थोडं वर गेलं की ला शापेल लागतं. श्रीलंकेहून आलेल्या तमिळ लोकांची दुकानं, साड्या, कढीपत्ता, केळीची पानं. पॅरिसमधल्या आमच्या पहिल्या तासात आम्ही मसाला डोसा मागवला. मालकाला थोडं इंग्रजी येत होतं. वाटीत सांबार वाढता वाढता त्याने विचारलं, कुठून आलात?

"लंडनहून. उद्या रात्री परत."

"बरं आहे तुमचं," तो हसून म्हणाला. "मनात आलं की निघता."

नवऱ्याने फाइल काढायला पाठपिशवीत हात घातला. मी चटणीची वाटी त्याच्या पुढ्यात सरकवली.