‘दोन हजारांत सायकलची दुसरी चाकं’ हा मेसेज पुढे ढकलण्याआधी

रत्नागिरी-चिपळूण पट्ट्यातल्या सायकलवाल्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. ‘दोन हजारांत सायकलची दुसरी चाकं घरीच बांधा! कोकणी जुगाड!’ असं शीर्षक, खाली सात कलमं आणि शेवटी नेहमीचं ‘गरजूंपर्यंत पोचवा’. कलमं थोडक्यात अशी: आजोबांच्या सायकलची रिम वापरा, २८ इंची सगळ्या सारख्याच असतात. जुन्या तारा पुन्हा वापरा. पुढच्या चाकाला तारा क्रॉस न करता सरळ लावा, पाव किलो वजन वाचतं. निपल, म्हणजे तारा रिमला आवळणारे बारके नट, रंगीत अ‍ॅल्युमिनियमचे घ्या, गंजत नाहीत. तारांना खोबरेल लावा. तार जितकी घट्ट तितकं चाक मजबूत. आणि शेवटचं, स्टँडबिंड काही लागत नाही, चाक सायकलवरच सरळ होतं.

असल्या मेसेजांना उत्तरं देत बसायची मला हौस नाही. पण हा गुहागरला माझ्या भाच्यापर्यंत पोचला. त्याची डिस्क ब्रेकची हायब्रिड आहे. डांबरी सागरी मार्गासाठी बारीक टायरचा एक सेट आणि जांभ्या दगडाच्या कच्च्या वाटांसाठी जाड टायरचा दुसरा, अशी त्याची कल्पना. कल्पना चांगलीच आहे. त्याने पठ्ठ्याने तिसऱ्या कलमाबरहुकूम पुढचं चाक बांधलं आणि ‘मामा, कसं झालंय?’ म्हणून फोटो पाठवला. हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाच्या, दोन्ही कडांच्या भोकांतून ३२ तारा सरळ रिमकडे गेलेल्या, एकीनेही दुसरीला ओलांडलेलं नाही, आणि डाव्या बाजूला नवाकोरा रोटर, म्हणजे डिस्क ब्रेक पकडतो ती चकती. दिसायला देखणं. मी फोन करून म्हटलं, आधी ते चाक काढ आणि जुनं चढव, बाकीचं नंतर बोलू.

म्हणून तिसऱ्या कलमापासूनच सुरुवात करतो, कारण बाकीच्या कलमांनी पैसे जातील, याने माणूस जाईल.

डिस्क ब्रेक धरतो हबला. थांबवायचा असतो टायर. म्हणजे ब्रेकची सगळी पिळवट हबपासून रिमपर्यंत नेणार कोण, तर स्पोक, म्हणजे याच तारा. ९० किलोचा ऐवज, म्हणजे स्वार अधिक सायकल, जरा जोरात थांबवायचा म्हटलं की टायरपाशी साधारण ४४० न्यूटनचा जोर लागतो आणि हबवर सुमारे १५० न्यूटन-मीटरची पिळवट येते. तीन क्रॉसच्या, म्हणजे प्रत्येक तार वाटेत दुसऱ्या तीन तारांना ओलांडते अशा, चाकात स्पोक हबच्या कडेला जवळपास स्पर्शून निघतात, त्यामुळे ते थेट ओढू शकतात. निम्म्यांचा ताण वाढतो, निम्म्यांचा कमी होतो आणि फरक पडतो तो स्पोकमागे १६-१७ किलोचा. मुळात १०० किलोच्या आसपास ताणलेल्या स्पोकला हे काहीच नाही.

आता सरळ तारांचं चाक घ्या. इथे प्रत्येक तार हबच्या मध्याच्या रेषेत सरळ बाहेर निघते, पिळवट पेलायला तिच्याकडे तरफच नाही. मग काय होतं? रिम जागच्या जागी राहते आणि आतला हब फिरतो, तारा तिरप्या होऊन ओढायला लागेपर्यंत. मी कागदावर गणित केलं (रिम अजिबात दबत नाही असं धरून, तेवढी सूट द्या): हब सुमारे ६ अंश फिरतो आणि सगळ्याच्या सगळ्या ३२ तारांचा ताण १०० किलोवरून १४० किलोच्या घरात जातो. ब्रेक सोडला की परत १००. पुन्हा दाबला की पुन्हा १४०. वेळणेश्वराकडे उतरताना माणूस ब्रेक किती वेळा दाबतो ते तिकडे सायकल चालवणाऱ्याला सांगायला नको. तार तुटते ती एका झटक्याने क्वचितच, अशा ताण-सैल, ताण-सैलने थकून तुटते, बहुतेकदा हबच्या भोकातल्या वाकणावर. शिवाय सरळ तार हबची कड थेट बाहेर ओढत असते, भोकापासून काठापर्यंत तिथे धातू असतो जेमतेम काही मिलिमीटर. ती कड फाटली तर एक तार जात नाही, शेजारच्याही जातात. आणि हे पुढचं चाक आहे.

माझ्या गणितावर विश्वास नको असेल तर ठेवू नका. शिमानोच्या डिस्क हबसोबत येणारं माहितीपत्रक उघडा. तीन किंवा चार क्रॉसचंच चाक वापरा, रेडियल, म्हणजे सरळ तारांच्या, बांधणीचं वापरू नका, ब्रेक मारताना स्पोक आणि चाक खराब होऊ शकतं, असं त्यात लिहिलेलं आहे. हब बनवणारा स्वतः नको म्हणतोय, यापुढे वाद कसला?

मेसेजवाल्याने हे उचललं कुठून तेही सांगतो, कारण त्यात अर्धं खरं आहे. रिम ब्रेकच्या सायकलीला पुढचं चाक सरळ तारांचं चालतं, हब बनवणाऱ्याची परवानगी असेल तर. तिथे ब्रेक रिमलाच धरतो, हबला पिळवट पोचवायची गरजच उरत नाही. जुन्या रेसिंग सायकलींना अशी चाकं सर्रास असायची. तेवढं पाहून याने ते सगळ्यांना वाटून टाकलं, डिस्कचा शब्दही न काढता.

आणि ते पाव किलो! दोन मिलिमीटर जाडीची तार सरळ लावली तर तीन क्रॉसपेक्षा साधारण १९ मिलिमीटरने आखूड लागते. ३२ तारांचे मिळून ६०-६१ सेंटिमीटर झाले. एवढ्या पोलादी तारेचं वजन भरतं १५ ग्रॅम. एका पेढ्यापायी हबची कड पणाला लावायची. भाच्याच्या बाबतीत तेच १९ मिलिमीटर आता नडलेत, त्याच्या ३२ च्या ३२ तारा तीन क्रॉसला आखूड पडतात, नव्या घ्याव्या लागणार. हबच्या कडेवर मात्र भिंगातून पाहूनही चीर दिसली नाही.

आता निपल आणि खोबरेल. हे कलम घाटावर कुणी लिहिलं असतं तर मी समजून घेतलं असतं. समुद्राच्या काठावर राहून अ‍ॅल्युमिनियमचे निपल घ्या म्हणणाऱ्याने दोन पावसाळे तरी ते वापरलेले नाहीत, हे मी लिहून देतो. अ‍ॅल्युमिनियमला तांबूस गंज चढत नाही, एवढं खरं. पण स्टेनलेस पोलादाचा स्पोक, त्यावर अ‍ॅल्युमिनियमचा निपल आणि मध्ये खारं पाणी, म्हणजे घरबसल्या बॅटरी तयार झाली. त्या बॅटरीत झिजतो तो अ‍ॅल्युमिनियम. आधी निपलच्या बुडाशी पांढरी भुकटी दिसते, मिठासारखी. रंग कडेने सोलायला लागतो. मग एक दिवस चाक थोडं आऊट होतं, म्हणजे फिरताना डुलतं, तुम्ही स्पोक चावी लावता, निपल हलत नाही, कारण आटे आतल्या आत चिकटलेले असतात. जरा जोर केला की चावीखालचे चौकोनी कोपरे गुळगुळीत होतात. आणखी जोर केला की मान तुटते, डोकं रिमच्या पोकळीत पडतं आणि पुढे प्रत्येक खड्ड्याला खुळखुळत राहतं. असं एक चाक माझ्याकडे आऊट काढायला आलं होतं. आऊट काढणं बाजूला राहिलं, टायर, ट्यूब, रिम टेप सगळं उतरवून निपलच बदलत बसावं लागलं. पितळेचे, वर निकेल चढवलेले निपल घ्या. जड आहेत, पूर्ण चाकाला काही ग्रॅम जड. स्वस्तही तेच पडतात, म्हणजे काटकसरीच्या नावाखाली हा बाबा तुम्हाला महाग वस्तू विकतोय.

खोबरेलाचं म्हणाल तर तेल लागतं, हे खरं. आटे कोरडे असले तर निपलबरोबर तार स्वतःच पिळली जाते आणि रस्त्यावर गेल्यावर उलगडते, मग चाक परत आऊट. पण खोबरेल वाळत नाही. ते आट्यांत ओलंच राहतं, वाळू-धूळ धरतं, पावसात धुऊन जातं. जुने कारागीर जवसाचं तेल लावत, कारण ते हवेवर हळूहळू सुकून चिकट थर धरतं: चावी फिरवताना वंगण, नंतर निपल सुटू नये म्हणून अटकाव. जवसाचं तेल नसेल तर साधं ग्रीस पुसटसं लावा. खोबरेल फिश करीला ठेवा.

आजोबांच्या रिमबद्दल काय बोलावं! पडवीत टांगलेल्या काळ्या सायकलीची ती २८ इंची रिम टायर बसतो त्या जागी ६३५ मिलिमीटर व्यासाची असते. तुमच्या हायब्रिडची ७००सी असते ६२२ ची. टायर १३ मिलिमीटरने लहान, चढवून दाखवा. गंमत म्हणजे ज्याला दुकानात २९ इंची म्हणतात तीही ६२२ चीच, म्हणजे आजोबांची २८ नातवाच्या २९ पेक्षा मोठी निघाली. त्यामुळे इंचांवर जाऊ नका. टायरच्या कडेवर ३७-६२२ असा आकडा छापलेला असतो, त्यातला दुसरा आकडा जुळवा. भोकंही मोजा. जुन्या काळ्या सायकलींना बहुधा पुढे ३२ आणि मागे ४० तारा असतात, ३२ भोकांच्या हबला ४० ची रिम कशी बांधणार? तिला रिम ब्रेकसाठी वापरायचा विचार असेल तर तोही सोडा, क्रोम चढवलेल्या पोलादी रिमवर पावसात ब्रेकचे गट्टू नुसते घसरतात, आणि आपल्याकडचा पाऊस काय असतो ते माहीत आहेच.

जुन्या तारा? हब तोच, लांबी जुळतेय, वाकणावर गंजाचा ठिपका नाही, तर वापरा. बाहेर ठेवलेल्या सायकलीच्या असतील तर भंगारात घाला. ताणाचं कलम नुसतं चूक आहे: रिमला ताणाची कमाल मर्यादा असते, बहुतेक मागच्या चाकांना चेनच्या बाजूला १०० ते १२० किलो ताण पुरतो, त्यावर गेलात की निपलच्या भोकांभोवती रिमला चिरा पडतात.

राहिलं सातवं. हे मात्र बरोबर आहे, नाइलाजाने का होईना, म्हणतो. स्टँड लागत नाही. सायकल उलटी करा, फोर्कला प्लॅस्टिकचा केबल टाय बांधा, त्याचं टोक रिमपासून केसभर लांब ठेवा, आऊट कुठे आहे ते आपोआप दिसतं. चाक मध्यावर आहे का बघायला ते काढून उलटं घाला, टोकापासूनचं अंतर बदललं तर मध्य चुकलाय. (डिस्क असेल तर उलटं घालण्याआधी रोटर काढा.) ताणासाठी एकाच बाजूच्या तारा नखाने छेडा, सूर सारखा आला पाहिजे. दोन बाजूंचे सूर एकमेकांशी जुळवायला जाऊ नका, मागच्या चाकात ते जुळायचेच नसतात. आणि शेवटी समांतर तारांच्या जोड्या मुठीत धरून जोरात दाबा. टणटण आवाज येतील, तारा आपापल्या जागी बसतील, मग परत एकदा आऊट काढा. हे दाबण्याचं काम मेसेजमध्ये नाही, आणि घरी बांधलेलं चाक आठवड्यात सैल पडतं ते बहुतेक हे न केल्यामुळेच.

दोन हजारांच्या हिशेबात आणखी काय काय नाही ते बघा. दुसऱ्या सेटला स्वतःचे रोटर हवेत, स्वतःची कॅसेट, म्हणजे मागच्या दातेरी चकत्यांचा संच, हवी, रिम टेप, ट्यूब, टायर हवेत. दर वेळी कॅसेट काढून या चाकावरून त्या चाकावर घालणार असाल तर दुसरा सेट बांधलाच कशाला? चेन खूप झिजलेली असेल तर नव्या कॅसेटबरोबर नवी चेनही घ्या, नाहीतर जुनी चेन नवे दात खाते. हात घरचे असले की मजुरी वाचते, तिथे वाचवा. गेल्या वर्षीच्या मॉडेलची रिम घ्या, रंग आवडला नाही तरी. स्पोक सगळीकडे एकाच जाडीचे साधे दोन मिलिमीटरचे चालतील, मधे बारीक केलेले महागडे नकोत.

हबवर मात्र एक गोष्ट सांभाळा. दोन्ही सेटला शक्यतो एकाच मॉडेलचा हब घ्या, म्हणजे रोटर दोन्ही चाकांत साधारण एकाच जागी येतो आणि चाक बदललं की कॅलिपर, म्हणजे रोटरला चिमटीत धरणारा ब्रेकचा भाग, परत सेट करत बसावं लागत नाही. तरीही थोडा घासला आणि रोटर सहा बोल्टचा असेल, तर त्याच्याखाली घालायला ०.२ मिलिमीटरचे पातळ वायसर मिळतात. ज्या चाकाचा रोटर जास्त आत, हबच्या मध्याकडे, बसतो त्याला ते लावायचे, मग ते कुठल्या का सेटचं असेना.