‘पिकअपला दम नाही’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

‘नवी पिकअप बुक करण्याआधी हे वाचा’ असा मथळा असलेला एक मेसेज गाडीवाल्यांच्या आणि शेतकऱ्यांच्या ग्रुपांवर फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: चार सिलिंडरच्या डिझेल पिकअपला 75-80 हॉर्सपॉवर, तेवढी तर छोट्या कारलाही असते, म्हणून घाटात गाडी मरते. चार सिलिंडर म्हणजे डिझेल प्यायला चार तोंडं, त्यापेक्षा तीनवाली घ्या. कंपनी ॲव्हरेज सतरा सांगते, हातात अकरा पडतं, म्हणजे फसवणूक. डिझेल वाचवायचं तर उतारावर न्यूट्रल टाका आणि दोन खेपांचा माल एका खेपेत न्या. बीएस-6 (प्रदूषणाच्या नव्या नियमांच्या) गाडीचा धुराचा फिल्टर काढून टाका, गाडी मोकळी होते.

यातल्या काही गोष्टी नुसत्या चुकीच्या आहेत, एक-दोन अर्ध्या खऱ्या आहेत आणि एक माणूस मारणारी आहे. तिच्याकडे नीट येऊच, पण आधी ताकदीचा मुद्दा.

‘कारएवढीच हॉर्सपॉवर, मग ओझं काय ओढणार?’

महिंद्राच्या बोलेरो पिकअपचं 2,523 सीसीचं इंजिन बरीच वर्षं 75 हॉर्सपॉवर आणि 200 न्यूटन मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) या आकड्यांवर विकलं गेलं. 2024 च्या नव्या स्विफ्टचं पेट्रोल इंजिन साधारण 80 हॉर्सपॉवरचं आहे. कागदावर स्विफ्ट पुढे. मेसेज इथेच थांबतो.

पण हे आकडे कोणत्या फेऱ्यांवरचे आहेत? स्विफ्टचा जास्तीत जास्त टॉर्क आहे 112 न्यूटन मीटर, तोही 4,300 आरपीएमला, म्हणजे मिनिटाला तेवढे फेरे झाल्यावर. पिकअपचे 200 न्यूटन मीटर 1,400 पासून 2,200 आरपीएमपर्यंत सलग मिळतात. हॉर्सपॉवर म्हणजे टॉर्क गुणिले फेरे. 1,800 आरपीएमला पिकअप सुमारे 50 हॉर्सपॉवर देते. त्याच फेऱ्यांवर स्विफ्टला 100 न्यूटन मीटर धरले, तरी येतात 25. ओझ्याची गाडी दिवसभर ज्या फेऱ्यांवर चालते, तिथे पिकअपकडे दुप्पट ताकद असते. उरलेल्या हॉर्सपॉवरसाठी कारला इंजिन पाच-सहा हजारांवर न्यावं लागतं, आणि तिला दीड टन माल ओढायचा नसतो.

आता घाट. गाडी आणि माल मिळून साडेतीन टन धरू, कारण सर्वात हलक्या मालवाहू गाड्यांच्या (एन-1) वर्गाची हद्दच तिथे संपते. चढ धरू पाच टक्के, म्हणजे शंभर मीटर रस्त्याला पाच मीटर उंची. वेग ताशी 30 किलोमीटर. गुरुत्वाकर्षणाविरुद्ध लागणारी शक्ती, टायरचं घर्षण आणि गिअरबॉक्स-डिफरन्शियलमध्ये वाया जाणारा वाटा असं सगळं मिळून साधारण 28 हॉर्सपॉवर लागते. चढ सात टक्के केला तर 36. हातात आहेत 50. माळशेजला भरलेल्या पिकअप रोज चढतात त्या काही देवाच्या कृपेने नाही.

मग ‘घाटात गाडी मरते’ ही तक्रार येते कुठून? बहुतेक वेळा गिअरमधून. ड्रायव्हर वरच्या गिअरमध्ये रेटत राहतो, फेरे 1,400 च्या खाली जातात, टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, हवा देईनासा होतो आणि गाडी थरथरायला लागते. तेव्हा ॲक्सिलरेटर कितीही दाबा, ती उठणार नाही. चढ सुरू होण्याआधीच गिअर खाली घेतला की तीच गाडी निमूट चढते. दुसरं कारण जादा माल, त्याचा हिशेब पुढे येईल.

मेसेजच्या बाजूने एक गोष्ट मान्य केली पाहिजे. ओव्हरटेकला ही गाडी सुस्त आहे. भरलेली पिकअप 60 वरून 80 वर नेताना समोरून काय येतंय ते दोनदा बघावं लागतं, आणि ज्याला एक्स्प्रेसवेवर कारसारखं पळायचं आहे त्याची इथे निराशा होणार. पण 80 ला तिचा वेगनियंत्रक तसाही अडवतो. त्या पलीकडची ताकद विकत घेऊन करणार काय?

ज्यांना तरीही हॉर्सपॉवरच हवी आहे त्यांच्यासाठी टोयोटाची हायलक्स आहे. 204 हॉर्सपॉवर, ऑटोमॅटिकमध्ये 500 न्यूटन मीटर. तिच्यातही चारच सिलिंडर आहेत, आणि तिच्या हौद्यात कायद्याने जाणारा माल अर्ध्या टनाच्या आतबाहेर. टोमॅटोच्या भाड्यातून तिचे हप्ते फेडणारा मला अजून भेटायचाय.

‘चार सिलिंडर म्हणजे चार तोंडं’

याला मोठं उत्तर द्यायची गरज नाही. टाटा इंट्रा व्ही-30 चं इंजिन 1,496 सीसीचं आहे, सिलिंडर चार. अशोक लेलँडच्या दोस्तचं 1,478 सीसीचं, सिलिंडर तीन. भांड्याचं माप जवळपास तेच, फक्त वाटण्या वेगळ्या. किती डिझेल जळणार हे किती काम करायचं आहे त्यावर ठरतं. तीन सिलिंडरमध्ये घासणारे भाग कमी असल्याने थोडा फायदा होतो, हे खरं. उलट चार सिलिंडरमध्ये दर अर्ध्या फेऱ्याला एक धक्का बसतो, तीनमध्ये दोन तृतीयांश फेऱ्याला, म्हणून कमी फेऱ्यांवर चारवालं इंजिन जास्त एकसारखं ओढतं. गाडी निवडताना पासिंग किती टनांचं आहे (म्हणजे कायद्याने किती भरता येतं), हौद्याची लांबी किती आणि गावाजवळ चांगला मिस्त्री आहे का, हे आधी बघावं. सिलिंडर मोजायला नंतरही वेळ मिळेल.

‘सतरा सांगतात, अकरा देते’

आकडे दोन्ही खरे असू शकतात. प्रमाणित ॲव्हरेज रस्त्यावर काढत नाहीत. पुण्यात एआरएआयसारख्या वाहन तपासणाऱ्या संस्थेत गाडी रोलरवर चढवून ठरलेल्या चक्रात चालवतात. त्या चक्रात सरासरी वेग ताशी तिसाच्या थोडा वर असतो, चढ नसतो आणि हौद्यात दीड टन कांदा तर नसतोच. असा आकडा दोन गाड्यांची आपसात तुलना करायला चांगला. त्यावरून भाड्याचा दर ठरवू नये. शोरूममध्ये हे कोणी समजावत नाही, ही तक्रार मात्र रास्त आहे.

आपल्या हातात काय आहे ते बघा. भरलेल्या पिकअपला सपाट रस्त्यावर दोन गोष्टी मागे खेचतात: टायरचं घर्षण आणि हवा. घर्षण वेगाने फारसं बदलत नाही. हवेचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि केबिनच्या वर गेलेली कॅरेट व फडफडणारी ताडपत्री तो आणखी वाढवतात. माझ्या ढोबळ हिशेबाने ताशी 60 ला भरलेली गाडी लिटरमागे 15 च्या आसपास जायला हवी, आणि 80 ला 11 च्या आसपास. गाडी तीच, सिलिंडर तेच, माल तोच.

दीडशे किलोमीटरच्या सपाट रस्त्यावर हा फरक साडेतीन लिटरच्या थोडा वर होतो. डिझेल नव्वद रुपये धरलं तर सव्वातीनशेएक रुपये. त्यासाठी मोजायचा वेळ चाळीस मिनिटांच्या आत. नारायणगावहून वाशीला टोमॅटो नेणारा म्हणेल, ‘पहाटेचा बाजार चुकला तर तीनशे रुपयांचं काय घेऊन बसलात?’ बरोबर आहे त्याचं. म्हणून चाळीस मिनिटं आधी निघायचं, किंवा निघायला उशीर झालाच तर ते तीनशे रुपये बाजारभावात धरायचे. पण मग त्या दिवसाचा अकराचा आकडा काढून इंजिनाला शिव्या घालायच्या नाहीत.

मोजण्यातही घोळ असतो. भरलेली गाडी 11 गेली आणि रिकामी परतताना 15 गेली, तर सरासरी 13 सांगितली जाते. जाता-येता अंतर सारखं असेल तर ती 12.7 येते, कारण कमी ॲव्हरेजच्या वाटेला डिझेल जास्त लागलेलं असतं. फरक छोटा वाटतो, पण वर्षभराच्या भाड्यात जाणवतो. टाकी काठोकाठ भरा, गाडी चालवा, पुन्हा त्याच पंपावर काठोकाठ भरा आणि किलोमीटरला लिटरने भागा. मीटरवरच्या आकड्यावर पैज लावू नका.

‘उतारावर न्यूट्रल टाका, डिझेल वाचतं’

मला लिहायला बसवलं ते या ओळीने.

आधी डिझेलचंच बघू. गाडी गिअरमध्ये आहे आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढलेला आहे, तेव्हा चाकंच इंजिनाला फिरवत असतात. हे कॉमन रेल (नव्या पद्धतीच्या डिझेल) इंजिनाच्या कॉम्प्युटरला कळतं आणि तो इंजेक्टर बंद करतो. डिझेल शून्य. जुन्या पंपाच्या गाड्यांतही डिझेल आवरणारा गव्हर्नर हेच काम करायचा. न्यूट्रल टाकलं की इंजिनाला स्वतःच्या बळावर चालू राहावं लागतं आणि त्याला डिझेल लागतं. दहा किलोमीटरचा घाट ताशी 40 ने उतरलात तर पंधरा मिनिटांत पाव लिटरच्या आतच, म्हणजे पंधराएक रुपयांचं डिझेल जळेल. वाचलं काहीच नाही, उलट पंधरा रुपये गेले. अगदी सौम्य, सरळ उतारावर न्यूट्रलमध्ये गाडी थोडी लांब घरंगळते आणि तिथे थेंबभर बचत होऊ शकते. घाटात ब्रेक दाबतच उतरायचं असतं, तिथे हा फायदा उरत नाही.

आता ब्रेकचं. साडेतीन टनांची गाडी 500 मीटर उंची उतरते तेव्हा जी ऊर्जा सोडते ती जवळपास अर्धा लिटर डिझेल जाळल्याएवढी असते. टायर आणि हवा थोडी खातात, ते वजा केलं तरी जे उरतं त्यात चाळीस लिटर थंड पाणी उकळीला येईल. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन यातला मोठा वाटा स्वतः घेतं. न्यूट्रलमध्ये सगळी उष्णता ब्रेकच्या पॅडमध्ये आणि ड्रममध्ये जाते. ते तापले की पकड जाते, पायाखाली पेडल असतं आणि गाडी थांबत नाही. इंजिनच बंद केलं तर आणखी वाईट: ब्रेकला मदत करणारं व्हॅक्यूम दोन-तीनदा दाबल्यावर संपतं आणि स्टिअरिंग जड होतं.

पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणारा उतार सगळ्यांना माहीत आहे. तिथे 20 नोव्हेंबर 2022 च्या रात्री एका ट्रकने बऱ्याच गाड्यांना धडका दिल्या. उतारावर इंजिन बंद करून ट्रक आणल्याचं पोलिसांच्या प्राथमिक तपासात पुढे आलं होतं. हा मेसेज लिहिणाऱ्याने त्या उतारावर एकदा उभं राहून यावं.

ज्या गिअरमध्ये घाट चढता त्याच गिअरमध्ये उतरा, हे जुने ड्रायव्हर सांगत आलेत.

‘दोन खेपांचा माल एका खेपेत’

यात खरं तेवढं आधी घेऊ. पासिंगइतका माल भरून एक खेप ही अर्ध्या भरलेल्या दोन खेपांपेक्षा नेहमीच स्वस्त. गाडीचं स्वतःचं वजन आणि हवेचा रेटा दोन्ही खेपांत ओढावाच लागतो. रिकामी फेरी टाळा, परतीचं भाडं शोधा, हे सगळं बरोबर.

मेसेजचा सल्ला मात्र पासिंगच्या वर भरण्याचा आहे. वरच्या घाटाच्या हिशेबात एक टन वाढवा, म्हणजे साडेचार टन. सात टक्के चढाला 36 ऐवजी 46 हॉर्सपॉवर लागेल आणि 1,800 आरपीएमला हातात आहेत 50. जरा गिअर चुकला, एखाद्या वळणावर गाडी थांबली, की हाफ क्लचवर उठवावी लागते आणि क्लच प्लेटचा वास केबिनमध्ये येतो. ‘पिकअपला दम नाही’ म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी आधी वजनकाट्यावर गाडी चढवली होती, हे विचारून बघा. पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) बसतात, टायर वर्षाआधीच जातात, आणि तेच ब्रेक आता साडेचार टनांना थांबवायला बघतात.

पैशांचाही हिशेब जमत नाही. दीडशे किलोमीटर भरून जाणं आणि रिकामं येणं, वरच्याच ॲव्हरेजने, म्हणजे सुमारे 2,100 रुपयांचं डिझेल. एक टन जादा भरून वाचणार ते त्याच्या आतलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 नुसार जादा मालाला दंड 20,000 रुपये, वर प्रत्येक जादा टनामागे 2,000, शिवाय जादा माल उतरवण्याचा खर्च आपलाच. पकडले जात नाही म्हणून परवडतं, असं म्हणणारे भेटतात. अपघातानंतर विमा कंपनी काट्याची पावती मागते, तेव्हा तेच गप्प होतात.

‘फिल्टर काढा, गाडी मोकळी होते’

बीएस-6 डिझेल गाडीतला फिल्टर धुरातली काजळी अडवतो आणि साचली की तापवून जाळतो. त्या वेळी थोडं जादा डिझेल लागतं, हे नाकारत नाही. गावातल्या गावात दोन-दोन किलोमीटर चालणाऱ्या गाडीत तो पुरेसा तापत नाही, दिवा लागतो आणि मालक वैतागतो. त्यावर उपाय म्हणजे आठवड्यातून एकदा गाडी मोकळ्या रस्त्यावर सलग अर्धा तास तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये फिरवणं. फिल्टर कापून टाकणं हा गाडीत केलेला बेकायदा बदल आहे, त्याने वॉरंटी जाते, आणि कॉम्प्युटरला फसवायला जो ‘मॅप’ टाकतात तो पुढे इंजेक्टर खराब झाल्यावर कोणी सुधारून देत नाही. काढायला सांगणाऱ्या मिस्त्रीकडून आधी तेवढं लिहून घ्या.