उद्या 'या' गावांत वीज नाही

"पळय रे, फाल्यां लायट वतली काय ना तें," पाववाल्या पोदेराकडून घेतलेले उंडे टेबलावर ठेवता ठेवता आईने फर्मावले. उद्या लाईट जाणार असे शेजारच्या काकूंनी मोबाईलवर कुठेसे वाचले होते. प्रश्न साधा नव्हता. उद्या ताई आणि भावोजी जेवायला येणार, खतखते ठरलेले, आणि वाटप मिक्सरवर. लाईट जाणार असेल तर नारळ आज रात्रीच फोडायला हवा. म्हटले, दोन मिनिटांचे काम.

बातमी लगेच सापडली. 'मोठी बातमी! फोंडा तालुक्यातील 'या' गावांत उद्या वीज नाही.'

शाळेत शिकलो होतो की 'हा', 'ही', 'हे' हे दर्शक शब्द. ते जवळची वस्तू दाखवतात. (इथे ते सार्वनामिक विशेषण झाले आहे हे मला ठाऊक आहे, मास्तरांनी कळवू नये.) अवतरणचिन्हांच्या कुंपणातला हा 'या' मात्र दाखवत काही नाही, नुसता झाकतो. 'या' राशीचे लोक, 'या' पाच भाज्या, 'या' अभिनेत्रीचे लग्न. 'माशेल' हे आमच्या गावाचे नाव लिहायला तीन अक्षरे लागतात, पण माशेल लिहिले की बेतकीचा माणूस बातमी उघडणार नाही. 'या' लिहिले की अख्खा तालुका उघडतो.

मीही उघडली. आधी एक चौकट आली: ताज्या बातम्यांची सूचना पाठवू का? उत्तरे दोनच, 'होय' आणि 'आता नको'. 'कधीच नको' नाही. 'आता नको' हे स्थळ आणणाऱ्या मावशींना देतात तसले उत्तर. त्या पुढच्या आठवड्यात येतातच. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्राहकाला चकवणाऱ्या अशा १३ क्लृप्त्यांची यादी अधिसूचित केली. तिच्यात सारखा तगादा लावणे हीसुद्धा आहे. वाचून बरे वाटले. मग 'आता नको' दाबले.

त्यामागे दुसरी चौकट, केसांच्या तेलाची. तिची फुली तिळाएवढी, माझे बोट उंड्याएवढे. पॉप-अप जाहिरातीचा कोड ज्यांनी सुरुवातीला लिहिला त्या ईथन झुकरमन यांनी २०१४ साली त्याबद्दल जाहीर माफी मागितली आहे. मी माफ केलेही असते, पण तेवढ्यात कोपऱ्यात एक व्हिडिओ आपणहून बोंबलू लागला आणि आतून आईने विचारले, "कोण आयलो रे?"

अखेर मजकूर दिसला. 'वीज ही आजच्या जीवनाची मूलभूत गरज बनली आहे.' बरे. खाली जाहिरात. 'विजेविना एक क्षणही राहणे कठीण होते.' खाली 'हेही वाचा'. 'अशातच फोंडा तालुक्यातील नागरिकांसाठी महत्त्वाची बातमी समोर आली आहे.' ती समोर येईना म्हणूनच तर मी इथवर आलो होतो!

तरुणपणी मी पणजीच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. तिथे पहिला धडा होता उलट्या पिरॅमिडचा: कोण, कुठे, कधी हे पहिल्या दोन वाक्यांत, बाकीचे उतरत्या महत्त्वाने. कारण रात्री अकराला एखादी मृत्यूची जाहिरात आली की बातमी खालून कापावी लागे, आणि खालचे गेले तरी कोणाचे अडत नसे. आता कापायला कोणी नाही. दर परिच्छेदामागे जाहिरातीची एक जागा असते, वाचक जितका खाली उतरेल तितक्या जाहिराती त्याच्या डोळ्यांखालून जातात. म्हणून पिरॅमिड सरळ करून ठेवलाय, आणि माशेल त्याच्या तळघरात.

'पुढे वाचा' असे निळे बटण आले. बोट टेकवणार तोच पान हातभर खाली घसरले आणि बोट पडले 'मोपा विमानतळापासून दहा मिनिटांवर आपला बंगला' याच्यावर. यामागे भूत नाही. फोटो किंवा जाहिरात मजकुराच्या मागून येते. तिची लांबी-रुंदी आधी सांगून ठेवली तर ब्राउझर तेवढी जागा मोकळी सोडतो. म्हणजे कदंब बसच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात तसे. इथे रुमाल कोणीच टाकत नाही. जाहिरात उशिरा चढते आणि बसलेल्यांना ढकलून मधोमध बसते. या ढकलाढकलीचे गूगलने मापही ठरवले आहे, ०.१ पर्यंत ठीक म्हणे. माझ्या बंगल्याचे किती भरले असेल कोण जाणे.

बंगल्यातून परत यायला मागचे बटण दाबले, तर बातमीऐवजी 'जाण्यापूर्वी हेही पाहा'. परत दाबले, तर बाहेर गूगलवर. पुन्हा आत, पुन्हा 'आता नको', पुन्हा तेल. उंडे थंड झाले.

तिसऱ्या खेपेला शेवटच्या परिच्छेदात पोचलो. खांडोळा, बेतकी, वळवई आणि माशेलचा काही भाग, सकाळी दहा ते दुपारी दोन.

"आई, जाणार! दहा ते दोन!"

तिने नारळ काढला. कोयता शोधेपर्यंत माझी नजर पुन्हा वर गेली. मथळ्याखाली लिहिले होते, 'अद्ययावत: आज, सकाळी ७.१२'. आणि अगदी तळाला, मुंगीच्या अक्षरात, 'प्रकाशित: २ दिवसांपूर्वी'. म्हणजे त्यांचा 'उद्या' काल होऊन गेला होता. काल मी दिवसभर पणजीत.

"आई, काल लाईट गेली होती का गं?"

"गेल्ली मरे. दहाक गेली, दोनांक आयली. हांवें रगड्यार वाटलें." आणि नारळ पुन्हा कोपऱ्यात ठेवत, "तूं फाल्यांचें पळय."

मी पान बंद करायला गेलो. 'ही बातमी उपयुक्त वाटली का?' 'नाही'वर बोट नेले, पान घसरले, आणि दाबले गेले 'होय, रोज सूचना पाठवा'. दुसऱ्याच क्षणी टिंग.

"उद्या 'या' तालुक्यात मुसळधार पाऊस," मी वाचून दाखवले.

स्वयंपाकघरातून आवाज आला, "खंय?"