न्यूरल नेटवर्कचे ९७ टक्के कुठून आले?

माझी भाची पुण्यात पेट्रोलियम इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गेल्या आठवड्यात तिने मला एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली एवढंच विचारलं, "मामा, मग आम्ही ड्रिलिंग कशाला शिकतोय?" तोच मजकूर पुढे आणखी दोन-तीन ग्रुपवर दिसला. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: तेलविहीर खोदताना बिट, म्हणजे पाइपच्या टोकाचं खडक फोडणारं हत्यार, तासाला किती मीटर पुढे जाईल हे न्यूरल नेटवर्क (जुन्या नोंदींवरून शिकणारं संगणकाचं मॉडेल) आता ९७ टक्के अचूक सांगतं. खाली खडक कुठला आहे हे कळायची गरज उरलेली नाही. बिटवर वजन किती द्यायचं, फेरे किती ठेवायचे हे मॉडेलला विचारा, वेग वाढतो. एकदा शिकवलेलं मॉडेल जगात कुठेही चालतं. अपघातही आधीच कळतील.

मी मड लॉगिंगमध्ये, म्हणजे खोदताना विहिरीत फिरवलेला चिखल (मड) आणि त्यासोबत वर येणारा खडकाचा चुरा तपासायच्या कामात, बरीच वर्षं काढली, त्यातली पुष्कळशी समुद्रातल्या रिगवर. न्यूरल नेटवर्कशी माझं वैर नाही, कामात मीही ते वापरतो. पण असले दावे कुणी न तपासता पुढे ढकलतं आणि विशीतली मुलं त्यावरून काय शिकायचं ते ठरवतात, याचा मला मनापासून त्रास होतो. म्हणून एकेक दावा घेतो.

पहिला, ९७ टक्क्यांचा. आकडा खोटा असेलच असं नाही, पण तो येतो कसा ते बघा. खोदकामाची नोंद बहुतेक वेळा अर्ध्या फुटाला एक अशी ठेवतात, म्हणजे साधारण १५ सेंटिमीटरला एक ओळ. २५०० मीटरवर एक, २५००.१५ वर दुसरी, २५००.३० वर तिसरी. एवढ्याशा अंतरात खडक सहसा बदलत नाही, ड्रिलरनेही कशाला हात लावलेला नसतो. तिन्ही ओळी जवळपास सारख्याच. आता या हजारो ओळी पत्त्यांसारख्या पिसायच्या, ८० टक्के मॉडेलला शिकायला द्यायच्या आणि २० टक्क्यांवर त्याची परीक्षा घ्यायची. परीक्षेत २५००.१५ ची ओळ आली, तर तिच्या अलीकडची आणि पलीकडची ओळ मॉडेलने उत्तरासकट आधीच पाहिलेली असते. अशा परीक्षेत नापास होणंच अवघड आहे. "आदल्या ओळीत जो वेग होता, तोच या ओळीत" एवढा एका वाक्याचा नियम लावा, नेटवर्क न वापरताही आकडा झकास येतो. रिगवर मात्र पलीकडची ओळ कुणाकडेच नसते. ती अजून खोदायची असते.

खरी परीक्षा घ्यायची, तर एक अख्खी विहीर झाकून ठेवायची आणि बाकीच्यांवर शिकवायचं. अशा अभ्यासासाठी बराच वापरला जाणारा खुला डेटा नॉर्वेच्या समुद्रातल्या व्होल्व्ह या तेलक्षेत्राचा आहे. तिथलं उत्पादन २००८ ते २०१६ चाललं आणि २०१८ मध्ये इक्विनॉर कंपनीने सुमारे ४०,००० फाइल्स सगळ्यांसाठी खुल्या केल्या. फार मोलाचं काम आहे ते. पण तिथल्या विहिरी एकमेकींच्या शेजारणी आहेत, त्याच खडकांच्या थरांतून गेलेल्या. त्यातली एक झाकली तरी परीक्षा सोपीच राहते, आणि मॉडेलचे गुण तरीही लक्षात येण्याइतके खाली येतात.

याच दाव्यात आणखी एक भानगड लपलेली असते, ती चटकन दिसत नाही. मॉडेलला दिलेल्या रकान्यांत पुष्कळदा 'मेकॅनिकल स्पेसिफिक एनर्जी' असते, म्हणजे एक घन एकक खडक फोडायला लागलेली ऊर्जा. टील यांनी १९६५ मध्ये मांडलेली ही कल्पना उत्तम आहे. पण तिच्या सूत्रात छेदस्थानी खोदण्याचा वेगच बसलेला असतो. म्हणजे जे शोधायचं तेच मागच्या दाराने आत दिलं. गॅमा रे नोंदीचंही, म्हणजे खडकातून येणाऱ्या नैसर्गिक किरणोत्साराच्या मोजमापाचंही, तसंच. तो सेन्सर बिटच्या मागे, कधी कधी दहा-पंधरा मीटरवर असतो. नंतर तयार केलेल्या तक्त्यात सगळं खोलीनुसार जुळवलेलं असल्यामुळे बिटखालचा खडक आणि त्याचा गॅमा एकाच ओळीत नांदतात. प्रत्यक्षात बिट तिथे असताना तो आकडा कुणाजवळही नसतो.

आता "खडक कळायची गरज नाही" हे बघू. रात्रपाळीत लॉगिंग केबिनमध्ये बसलोय, वेग तासाला १२ मीटर चाललाय आणि अचानक ३० वर उडी मारतो. याला आम्ही ड्रिलिंग ब्रेक म्हणतो. लगेच ड्रिलरला फोन. तो बिट तळापासून उचलतो, पंप बंद करतो आणि विहिरीतून मड आपोआप वाहतोय का ते पाहतो. वाहत असेल, तर खालून तेल, वायू किंवा पाणी आत शिरलंय. वाहत नसेल, तर पुन्हा पंप चालू करून तिथला चुरा वर यायची वाट पाहायची. विहीर खोल असली की त्याला तास-तास लागतो. मग शेल शेकरवरून, म्हणजे मडमधून चुरा वेगळा करणाऱ्या हलत्या चाळणीवरून, नमुना घ्यायचा, चाळणीत धुवायचा, सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा, त्यावर विरळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकायचा. फसफसला की चुनखडक. एवढं झाल्यावर त्या ३० या आकड्याला अर्थ येतो. मॉडेलच्या तक्त्यात हीच उडी 'आउटलायर', म्हणजे बाकीच्यांत न बसणारा आकडा, म्हणून डेटा साफ करतानाच काढून टाकलेली मी पाहिली आहे. ज्या ओळीसाठी आम्ही रात्र जागवतो, ती ओळच पुसायची आणि उरलेल्या गुळगुळीत रेषेवर ९७ टक्के मिळवायचे!

"मॉडेल सांगेल तसं वजन वाढवा, वेग वाढेल" हा दावा मला सर्वांत धोक्याचा वाटतो. नोंदीतलं वजन आपोआप ठरलेलं नसतं, ते ड्रिलरने ठरवलेलं असतं. कठीण खडक लागला, वेग पडला, की तो वजन वाढवतो. मऊ थरात हात आखडतो. त्यामुळे डेटात अनेकदा जास्त वजनासोबत कमी वेग दिसतो आणि नेटवर्क नेमकं तेच शिकतं. गावातल्या ज्या शेतांत सर्वांत जास्त फवारणी झाली तिथेच कीड जास्त दिसते, म्हणून फवारणीने कीड येते असं ठरवण्यासारखं हे आहे. जे घडलं त्याचा अंदाज बांधायला असं मॉडेल चालेल. पण "मी वजन दोन टनांनी वाढवलं तर काय होईल" याचं उत्तर त्याच्याकडे नसतं. शिवाय वजन वाढवून वेग वाढतो तोही एका मर्यादेपर्यंतच. पुढे बिटला चिकणमाती चिकटते, किंवा पाइप अडकत-सुटत फिरू लागतो आणि बिटचे दात तुटतात. आणि वेग वाढला तरी चुरा तितक्याच वेगाने वर आला नाही, तर पाइप अडकून बसतो.

वेग खरोखर कसा वाढतो, याचं एक उदाहरण अमेरिकेत यूटा राज्यातल्या फोर्ज या भूऔष्णिक प्रकल्पाचं आहे. तिथे ग्रॅनाइट फोडायचा होता. टेक्सस ए अँड एम विद्यापीठाच्या गटाने रिगवरच्या लोकांना शिकवलं, की वेग कशामुळे अडतोय ते त्याच ऊर्जेच्या आकड्यावरून ओळखा, तो अडसर काढा आणि मग पुढचा शोधा. पीडीसी बिट (कृत्रिम हिऱ्याच्या दातांचे) ग्रॅनाइटमध्ये टिकत नाहीत हा समज तिथे मोडला. तिथे कारण ओळखणारा माणूस रिगच्या नियंत्रणापाशी बसलेला होता.

"जगात कुठेही चालतं" यावर फार लिहायला नको. व्होल्व्हचं तेल वालुकाश्मात, आपल्या मुंबई हायचं मुख्यतः चुनखडकात, जिथे मड थराच्या भेगांत गडप होणं ही वेगळीच डोकेदुखी असते. बिट वेगळे, मड वेगळा, सेन्सरची जुळणी वेगळी. १९७४ मध्ये 'सागर सम्राट' या रिगने मुंबई हायला तेल शोधलं, त्याच वर्षी बर्गोईन आणि यंग यांनी वेगाचं आठ गुणकांचं सूत्र प्रसिद्ध केलं. ते गुणक प्रत्येक भागासाठी नव्याने काढावे लागतात, हे त्यातच गृहीत आहे. हजारो गुणकांचं नेटवर्क त्यातून सुटेल कसं?

अपघाताचं सांगतो. मेक्सिकोच्या आखातात २० एप्रिल २०१० ला डीपवॉटर होरायझन या रिगवर स्फोट झाला आणि ११ माणसं गेली. तेव्हा मकोंडो विहीर खोदून झाली होती, सिमेंटही भरून झालं होतं. वेगाचा अंदाज बांधायला काही उरलंच नव्हतं. ड्रिल पाइपवर १,४०० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दाब दिसत होता, विहीर बंद झालेली नाही असं तो आकडा सांगत होता, आणि त्याचा चुकीचा अर्थ लावून काम पुढे नेलं गेलं. आकडा समोर होता. त्याचा अर्थ लावणं चुकलं आणि त्यासाठीच शिक्षण लागतं.

नेटवर्क कामाचं आहे ते चालू विहिरीत, दर काही मीटरला पुन्हा शिकवत नेलं तर. तेव्हा ते "इथे नेहमीपेक्षा वेगळं काहीतरी चाललंय" अशी हाक वेळेवर देतं, आणि रात्री तीन वाजता अशा हाकेची किंमत मला माहीत आहे.

भाचीला मी उत्तर म्हणून काम दिलं. व्होल्व्हचा डेटा घे, एक विहीर पूर्ण झाक, ऊर्जेचा रकाना काढ, गॅमा सेन्सरच्या अंतराइतका मागे सरकव आणि मग तुझं नेटवर्क 'आदल्या ओळीच्या' नियमाशी आणि बर्गोईन-यंगशी लढव. काल रात्री तिचा पहिला तक्ता आला. सगळ्यात वर, आकड्यांच्याही आधी, तिने कुठली विहीर झाकली होती ते लिहिलंय.