लॅपटॉप रोज शटडाऊनच करा, नाहीतर वाट लागेल? काय खरं काय खोटं

आपल्या जळगाव-भुसावळकडच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरून राहिलाय. रोज रात्री शटडाऊनच करा, त्यानं विंडोज ताजं होतं, हायबरनेटनं एसएसडी (फाइली साठवायची डिस्क) मरते, स्लीपनं बॅटरी जाते, लाइट गेली तर काम उडतं. कॉलेजची पोरं, मास्तर लोक, दुकानदार सगळेच भरवशानं पुढे पाठवताय, म्हणून एकेक घेतो.

आधी शटडाऊन, कारण मोठी गफलत तिथंच आहे. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, फास्ट स्टार्टअप नावाची सोय आहे न बहुतेक लॅपटॉपवर ती आधीपासूनच चालू असते. मग शटडाऊन दाबलं की तुमचे प्रोग्रॅम बंद होतात पण विंडोजचा कर्नल (मुख्य गाभा) आणि ड्रायव्हर (प्रिंटर-वायफायसारखी साधनं चालवणारे प्रोग्रॅम) डिस्कवर जसेच्या तसे लिहून ठेवले जातात आणि सकाळी तेच परत उचलले जातात, म्हणजे ताजं काही होतच नाही भो! टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयूखाली अप टाइम बघा, काल रात्री बंद केलेल्या लॅपटॉपवर पण कित्येक दिवसांचा आकडा दिसेल. प्रिंटर अडला, वायफाय सापडेना, तर रीस्टार्ट मारा. त्यात सगळं नव्यानं लोड होतं.

एसएसडीचं आता. हायबरनेट म्हणजे रॅममधलं (चालू कामाच्या तात्पुरत्या मेमरीतलं) डिस्कवर लिहायचं न करंट पूर्ण बंद. समजा ८ जीबी रॅम आहे आणि दिवसातून दोनदा ती अख्खी लिहिली (खरं तर विंडोज ते दाबून लहान करतं, तेवढं लागत नाही), तरी वर्षाला ६ टीबीच्या (१ टीबी म्हणजे १००० जीबी) आतच. ५०० जीबीच्या बऱ्याच एसएसडींना १५० ते ३०० टीबी लिहिण्याची हमी असते. भागाकार करून बघा, निदान पंचवीस वर्षं.

स्लीपनं बॅटरी जाते, म्हणजे खराब होते, हे पण चूक. जुन्या पद्धतीच्या स्लीपमध्ये जवळपास रॅमपुरताच करंट चालू असतो. बॅटरीला मारतं ते ऊन आणि सतत १००% चार्ज. मे महिन्यात आपल्याकडे ४४-४५ डिग्री, वर पत्र्याची खोली, आणि चार्जर दिवसभर लावलेला, तिथं बॅटरी फुगणार नाही तर काय होईल? कंपनीच्या ॲपमध्ये ८०% ची मर्यादा मिळत असेल तर लावून टाका.

स्लीपची खरी अडचण मात्र मेसेजमध्ये आलीच नाही. नव्या बऱ्याच लॅपटॉपात मॉडर्न स्टँडबाय असतं, झाकण लावलं तरी मशीन अर्धवट जागं राहतं, नेट चालू राहू शकतं. माझा मावसभाऊ भुसावळहून जळगावला ट्रेननं अप-डाऊन करतो, एकदा एमआयडीसीत पोचून बॅग उघडली तर लॅपटॉप तव्यासारखा तापलेला, पंखा घरघरतोय न बॅटरी निम्म्यावर. बॅगेत टाकायचा असेल तर हायबरनेटच. मेनूत दिसत नसेल तर कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये पॉवर बटणाच्या सेटिंगात जाऊन टिक करा, आणि झाकण लावल्यावर काय व्हावं ते पण तिथंच हायबरनेट करून ठेवा.

लाइट गेल्याची भीती डेस्कटॉपवाल्यांनी धरावी. लॅपटॉपला बॅटरी आहे, ती अगदी खाली आली की तो बहुतेक वेळा आपोआप हायबरनेट होतो. तरी फाइल सेव्ह करूनच उठा.

जेवायला उठलात तर स्लीप, रात्रीसाठी हायबरनेट. महिनाभर ठेवून द्यायचा असेल तेव्हा शिफ्ट दाबून धरून शटडाऊन करा, तो खराखुरा पूर्ण बंद होतो, आणि बॅटरी तेव्हा निम्म्यापर्यंतच भरलेली असू द्या.