‘सगळी स्टेट लोकलस्टोरेजमध्ये टाका’ म्हणे!

परवा मानेवाड्याला ताईकडे गेलो, तर भाची लॅपटॉपसमोर रडकुंडीला आलेली. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट, संत्री घरपोच मागवायची साइट, रिॲक्टमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या जावास्क्रिप्ट भाषेतल्या पानं बांधायच्या साधनात. टोपलीत पेटी टाकली तरी वरच्या पट्टीतला आकडा हलेना, म्हणून तिनं प्रत्येक क्लिकनंतर अख्खं पान रीलोड करायची ओळ घातली होती. आकडा हलायला लागला, पण खाली अर्धा लिहिलेला पत्ता दरवेळी पुसला जायचा.

‘काहून केलं असं?’ विचारलं, तर तिनं व्हॉट्सॲप उघडलं. ‘फ्रंटएंडचे चार नियम, मुलाखत पक्की.’ फ्रंटएंड म्हणजे साइटची दिसणारी बाजू. हाच मेसेज माझ्या दोन ग्रुपांवर येऊन गेला होता, तेव्हा सोडून दिला. आता घरात शिरलाय म्हणून लिहितो.

नियम पहिला: ‘कंपोनंट्सना स्टेट वाटायची तर लोकलस्टोरेजमध्ये ठेवा, सगळ्यांना मिळते.’

कंपोनंट म्हणजे पानाचा एकेक तुकडा, स्टेट म्हणजे त्यानं लक्षात ठेवायचा बदलता डेटा, लोकलस्टोरेज म्हणजे ब्राउझरमधली साइटची साठवण. मिळते हो, पण बदलली हे सांगणार कोण? रिॲक्टचं तिकडे लक्षच नसतं. ब्राउझरचा ‘स्टोरेज’ इव्हेंट आहे, पण ज्या टॅबनं बदल केला त्या टॅबला तो येत नाही, त्याच साइटच्या इतर टॅबना येतो. म्हणजे निरोप शेजाऱ्यांना, घरचे बेखबर. वर तिथे सगळं अक्षरांतच साठतं. भाचीनं ‘घरपोच’ची निवड ‘फॉल्स’ (नाही) म्हणून ठेवली, परत आली ती इंग्रजी पाच अक्षरांची स्ट्रिंग (नुसता मजकूर), आणि रिकामी नसलेली कुठलीही स्ट्रिंग जावास्क्रिप्टला खरीच वाटते. घरपोच नको म्हणणाऱ्यालाही डिलिव्हरीचे पैसे लागून राहिले होते!

इथवर नुसता वैताग होता. पण मेसेजमध्ये पुढे ‘लॉगिनचं टोकनही तिथेच’ (टोकन म्हणजे लॉगिन झाल्याची किल्ली) असं आहे, आणि हे मात्र घातक. पानावर चालणारी कुठलीही स्क्रिप्ट लोकलस्टोरेज वाचू शकते. एखादं बाहेरून आणलेलं पॅकेज बिघडलेलं निघालं की टोकन गेलं. सेशनची, म्हणजे चालू लॉगिनची, ओळख तिथे ठेवू नका, असं वेब-सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवॅस्प संस्थेनं स्पष्ट लिहिलंय. त्यासाठी एचटीटीपी-ओन्ली कुकी असते, ती जावास्क्रिप्टला वाचताच येत नाही.

रीफ्रेशनंतर टोपली टिकावी, एवढ्यापुरतं लोकलस्टोरेज बरं, हे मान्य. पण मूळ स्टेट रिॲक्टमध्ये, तिथे फक्त नक्कल.

नियम दुसरा: ‘प्रॉप्स खाली देत बसणं अडाणीपणा, कॉन्टेक्स्ट वापरा.’ प्रॉप्स म्हणजे वरच्या कंपोनंटनं खालच्याला हातोहात दिलेला डेटा, कॉन्टेक्स्ट म्हणजे मधल्यांना वगळून तो थेट पोचवायची सोय. रिॲक्टच्या अधिकृत दस्तऐवजात कॉन्टेक्स्टच्याच पानावर म्हटलंय की आधी प्रॉप्सनं भागतं का बघा. डझनभर प्रॉप्स डझनभर कंपोनंट्समधून जाणं नवलाचं नाही; कंटाळा येतो, पण कोण कोणता डेटा वापरतं ते स्वच्छ दिसतं. मेसेज लिहिणाऱ्यानं तो दस्तऐवज उघडला असता तर चारातले दोन नियम तिथेच गळाले असते.

दुसरा गळणारा म्हणजे चौथा: ‘सिंगल सोर्स ऑफ ट्रुथ, म्हणून सगळी स्टेट एकाच जागी.’ त्याच दस्तऐवजात याचा अर्थ दिलाय: स्टेटच्या प्रत्येक तुकड्याला एकच मालक. सगळ्या तुकड्यांना मिळून एक मालक, असं नव्हे.

राहिला तिसरा, ‘कॉन्टेक्स्ट आला, रिडक्स मेलं.’ अर्धं खरं. लहान साइटला रिडक्स, म्हणजे स्टेट सांभाळायची वेगळी लायब्ररी, नकोच. त्याच्या कर्त्यांपैकी डॅन अब्रामोव्हनं २०१६ मध्येच तसं लिहिलं होतं, म्हणजे आजचा कॉन्टेक्स्ट २०१८ मध्ये येण्याआधी. पण कॉन्टेक्स्ट फक्त माल पोचवतो. त्यातला डेटा बदलला की तो वाचणारे सगळे कंपोनंट पुन्हा रेंडर होतात, म्हणजे नव्यानं काढले जातात. थीमला ठीक, दर अक्षराला बदलणाऱ्या सर्चला नाही.

भाचीची टोपली आम्ही वरच्या ॲप कंपोनंटमध्ये नेली, तिथून आकडा पट्टीला आणि ‘टाका’चं फंक्शन यादीला प्रॉप्सनं दिलं. संत्र्याच्या आंबिया-मृग बहाराचा (हंगामाचा) फिल्टर यादी आणि तिचं शीर्षक दोघांनाच लागतो, म्हणून तो त्यांच्या लगेच वरच्या कंपोनंटमध्येच ठेवला. रीलोडची ओळ तिनं स्वतः खोडली. टोकन अजून लोकलस्टोरेजमध्येच आहे, कारण तशी कुकी देणारं बॅकएंड, म्हणजे सर्व्हरची बाजू, तिच्या मैत्रिणीकडे, आणि ती म्हणे तोच मेसेज वाचून बसलीय.