चित्रपट कुणी पाहिला?

गेल्या वर्षी जुलैमध्ये जर्मनीतल्या श्टुटगार्टच्या भारतीय चित्रपट महोत्सवात मी एक मराठी चित्रपट पाहिला आणि त्याच रात्री घरी येऊन त्याचे सविस्तर परीक्षण लिहून इंटरनेटवर प्रसिद्ध केले. दोन महिन्यांनी नाशिकच्या मावसबहिणीने एका छापील मासिकाच्या पानाचे छायाचित्र पाठवून विचारले, "अगं, हे तुझंच ना?" परीक्षण माझेच होते. सुरुवातीचा परिच्छेद बदलला होता, शेवटच्या दोन ओळी गाळल्या होत्या आणि खाली दुसऱ्याच कुणाचे नाव होते. एका भावुक प्रसंगात माझ्या शेजारी बसलेल्या जर्मन बाईंनी उपशीर्षके वाचणे सोडून नुसते पडद्याकडे पाहिले, असे मी लिहिले होते. मासिकात त्या जर्मन बाईंच्या जागी 'शेजारच्या काकू' आल्या होत्या आणि उपशीर्षकांचा उल्लेख गेला होता. नायिकेच्या जावेला मी चुकून नणंद म्हटले होते, ती चूक मात्र जशीच्या तशी छापली गेली होती.

मी संपादकांना पत्र लिहिले. उत्तर सभ्य भाषेत आले, पण त्याचा आशय असा होता की इंटरनेटवर जे सर्वांसाठी खुले आहे ते सर्वांचेच असते, आणि चांगला मजकूर चार अधिक वाचकांपर्यंत पोहोचला याचा आनंदच मानायला हवा. गावाकडच्या ओळखीच्या लेखक-वाचकांशी बोलले तेव्हाही थोड्याफार फरकाने हेच ऐकायला मिळाले. "तिकडे राहून तू फार कायदा बोलायला लागलीस," असे एका ज्येष्ठ स्नेह्यांनी म्हटले. त्यांच्याविषयी मला आदर आहे, म्हणूनच या वाक्याला नीट उत्तर द्यावेसे वाटते.

मी जो कायदा बोलते आहे तो जर्मनीचा नाही, भारताचा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखन झाले की त्यावर लेखकाचा हक्क आपोआप निर्माण होतो. त्यासाठी नोंदणी लागत नाही आणि ते कागदावर आहे की पडद्यावर यानेही फरक पडत नाही. कलम ५२ समीक्षेसाठी दुसऱ्याच्या लेखनातला उतारा वापरू देते, पण आख्खी समीक्षा उचलून तिलाच स्वतःची समीक्षा म्हणण्याची मुभा त्यात नाही. कलम ५७ तर याहून पुढे जाते: हक्क विकून टाकल्यावरही 'हे मी लिहिले आहे' असे सांगण्याचा लेखकाचा अधिकार त्याच्याकडेच राहतो. आणखी एक गैरसमज मराठीत फार रुजला आहे, तो म्हणजे इंग्रजी परीक्षण मराठीत आणले की ते आपले होते. परदेशी चित्रपटांवरची कितीतरी मराठी परीक्षणे वाचताना मूळ इंग्रजी वाक्यांची घडण खालून दिसत राहते. भाषांतराचा हक्कसुद्धा मूळ लेखकाचाच असतो, हेही आपल्याच कायद्याच्या कलम १४ मध्ये लिहिलेले आहे.

चित्रपटाचे कथानक, कलावंतांची नावे, चित्रपटाची लांबी ही माहिती कुणाच्याही मालकीची नाही. ती कुणीही कुठूनही घ्यावी. पण परीक्षण म्हणजे माहिती नव्हे. अमुक दिवशी, अमुक अंधारात बसून मी हे पाहिले, मला असे वाटले आणि ते या कारणांनी वाटले, अशी ती एक साक्ष असते. बातमी उसनी घेणारा निदान घडलेली गोष्टच सांगत असतो. परीक्षण उचलणारा मात्र आपण न पाहिलेल्या चित्रपटाविषयी, आपल्याला न आलेल्या अनुभवाची खोटी साक्ष देतो, आणि ती देतो अशा वाचकाला, जो त्या शब्दावर विसंबून घरच्या चौघांची तिकिटे काढणार असतो. माझे नाव गेले याचे दुःख मला आहेच; पण त्या काकू कधी अस्तित्वातच नव्हत्या, ही गोष्ट मला अधिक गंभीर वाटते.

हा प्रश्न लहान मासिकांपुरता आहे असेही नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये रजनीकांतचा 'एंधिरन' प्रदर्शित झाला, तेव्हा 'इंडिया टुडे'च्या मुख्य संपादकांच्या नावाने छापलेल्या संपादकीय पत्रात 'स्लेट' या अमेरिकन ऑनलाइन नियतकालिकातल्या ग्रेडी हेन्ड्रिक्स यांच्या लेखातली वाक्ये जवळजवळ तशीच आली होती. वाचकांनी ती ओळखली. पुढे माफी छापली गेली, पण तिच्यात जेट लॅगचे आणि दिल्लीहून मागवलेल्या मजकुराचे कारण पुढे केले होते.

जर्मनीत सगळे धुतल्या तांदळासारखे आहेत असे मला म्हणायचे नाही. संरक्षणमंत्री गुटेनबर्ग यांच्या प्रबंधातली उचलेगिरी विद्यापीठाच्या परीक्षकांच्या नजरेतून सुटलीच होती. ती इंटरनेटवर एकत्र आलेल्या लोकांनी पानोपानी तपासून दाखवली, बायरॉइट विद्यापीठाने त्यांची डॉक्टरेट काढून घेतली आणि १ मार्च २०११ रोजी त्यांना पद सोडावे लागले. दोन वर्षांनी शिक्षण आणि संशोधन खात्याच्या मंत्री शावान यांच्यावरही तीच वेळ आली. चोरी इथेही होते, मोठी माणसेही ती करतात. फरक एवढाच की उघड झाल्यावर 'त्यात काय एवढे' हे उत्तर इथे टिकत नाही. शिवाय इथे लेखकाच्या मोबदल्याची जुनी व्यवस्था आहे: १९५८ मध्ये स्थापन झालेली 'फाऊ गे वोर्ट' ही संस्था लेखनाच्या प्रतिमुद्रणापोटी गोळा होणारी रक्कम दरवर्षी लेखकांना वाटते, आणि त्यात इंटरनेटवरच्या लेखनाचाही वाटा असतो. इंटरनेटवर लिहिणाराही लेखकच, हे इथे कुणाला पटवून द्यावे लागत नाही.

इथली एक गोष्ट मात्र आपल्याकडे येऊ नये असे मला मनापासून वाटते. एखादे छायाचित्र अजाणतेपणी वापरल्याबद्दल वकिलाची नोटीस आणि तिच्यासोबत शेकडो युरोंचे बिल येणे, हे इथे नित्याचे आहे. मराठी मासिके कशी चालतात हे मला माहीत आहे. बरीचशी एकदोन माणसांच्या जिद्दीवर उभी असतात, वर्गणीदार कमी होत जातात आणि कागदाचा खर्च वाढत जातो. अशा मासिकाला कोर्टात खेचण्याची माझी इच्छा नाही. पण तंगी हे मानधन कमी देण्याचे कारण असू शकते, लेखकाचे नाव बदलण्याचे नव्हे. 'साभार' हा शब्द आपल्याच नियतकालिकांनी रूढ केला आहे, आणि तो छापायला पैसे लागत नाहीत. मला विचारले असते तर मी ते परीक्षण आनंदाने, विनामूल्य दिले असते, आणि नणंदेची जाऊ करूनही दिली असती.

संपादकांना मी दुसरे पत्र पाठवले आहे. पैसे मागितलेले नाहीत. येत्या दिवाळी अंकात, परीक्षणांच्याच पानावर, चार ओळींचा खुलासा छापावा आणि त्यात मूळ लेखिकेचे नाव, मूळ प्रसिद्धीची तारीख आणि हा चित्रपट ज्यांच्या नावावर परीक्षण छापले त्यांनी पाहिला होता की नव्हता, एवढे स्पष्ट लिहावे, अशी विनंती केली आहे.